इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक घरी सांभाळायचे आहेत, कुठपर्यंत हात घालावा?

वाटसरू:
माझ्या इलेक्ट्रिक गाडीला चौथं वर्ष लागलंय. ब्रेक पॅड जवळजवळ नवेच दिसतात. पण हल्ली सकाळी पहिल्याच ब्रेकला मागून खरखर येते आणि मागच्या डिस्कच्या कडेला गंजाचा पट्टा दिसतो. पेट्रोल गाडीचे पॅड मी स्वतःच बदलत आलोय, जॅक, स्टँड, टॉर्क पाना सगळं घरी आहे. इथे घरी काय करता येईल? आणि ब्रेक ऑइल कधी बदलायचं?

पाना_१३:
पॅड नवे दिसतात, त्यातच तुमच्या खरखरीचं कारण आहे. वेग कमी करायचं बहुतेक काम मोटर करते, तेव्हा ती उलट वीज बनवून बॅटरीत भरते. पॅड डिस्कला क्वचितच घासतात. पेट्रोल गाडीत रोजच्या घासण्याने गंज निघून जातो, इथे तो साठत जातो. हे ब्रेक झिजून नाही, जॅम होऊन बिघडतात. त्यामुळे पॅडच्या जाडीपेक्षा हालचाल तपासा.

चाक काढल्यावर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लायडर पिना, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या, हाताने आत-बाहेर सरकतात का बघा. अडकत असतील तर काढून स्वच्छ पुसा आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबरी बूट फुगतात. मग आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी ताडून बघा. फरक ठळक असेल तर बहुधा पिन किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन अडकतोय. पॅडचे कान जिथे बसतात ती जागा तारेच्या ब्रशने साफ करा. धूळ फुंकून उडवू नका, ब्रेक क्लीनर मारा. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

आणि रस्ता मोकळा असेल, मागे कोणी नसेल, तेव्हा अधूनमधून चांगले दाबून ब्रेक लावा. बॅटरी पूर्ण चार्ज असताना तिला मोटरची वीज परत घेता येत नाही, तेव्हा पॅडना काम करावंच लागतं. वरवरचा गंज तेवढ्यानेही निघतो. खड्डे पडले असतील तर मात्र डिस्क बदला.

रेखा_गॅरेज:
वरचं सगळं पटतं. पण चाक काढण्याआधीचं कोणी बोललं नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये (कामापुरता तो सैल सोडणाऱ्या सेटिंगमध्ये) टाका. तसं न करता मागचा पिस्टन क्लॅम्पने रेटला तर आतली यंत्रणा तुटते. शिवाय बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा दाब इलेक्ट्रिक बूस्टर तयार करतो. नुसतं दार उघडलं तरी तो जागा होऊ शकतो, आणि तेव्हा कॅलिपरमध्ये बोटं असली तर काय होईल ते सांगायला नको. किल्ली लांब ठेवा, गाडीत कोणाला बसू देऊ नका. जॅक फक्त ठरवून दिलेल्या जागीच लावा, खाली सगळी बॅटरी आहे. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, त्यात उच्च दाबाची वीज असते.

ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या ग्रेडच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते. ‘इलेक्ट्रिकमध्ये ब्रेक तापतच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी भरलेल्या बॅटरीने लांब घाट उतरायचा विचार करावा. आणि न तापताही ते पाणी कॅलिपर नि एबीएस आतून गंजवतंच. पुष्कळ कंपन्या दोन वर्षं सांगतात, काही जास्त. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल ते पाळा. ग्रेड ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर असतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही घालू नका.

वाटसरू:
मनापासून आभार, दोघांचेही. पिना याच रविवारी बघतो. ऑइल घरी बदललं तर चालेल?

पाना_१३:
जुन्या पद्धतीचा व्हॅक्यूम बूस्टर असेल तर दोघांनी मिळून जमतं. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवायचं.

रेखा_गॅरेज:
इलेक्ट्रिक बूस्टर असेल तर मी नको म्हणेन. त्यातली हवा काढायला बहुधा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. ऑइल गॅरेजमध्येच बदला, पिना-पॅड घरी करा. पिस्टन मागे ढकलला असेल तर सर्व्हिस मोड बंद करून, गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा.