मदत हवी आहे: रिले ओढला की वॉशिंग मशीनचा बोर्ड रिसेट होतो

फ्रंट लोड मशीन आहे. डिस्प्ले नीट येतो, प्रोग्रॅम निवडता येतो, दाराचं लॉकही लागतं. पण पाणी घ्यायची वेळ आली की रिले (बोर्डवरचा, विजेने चालणारा स्विच) टक् करतो, डिस्प्ले मंदावतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वायरिंग, कनेक्टर तपासले. इनलेट व्हॉल्व्हची कॉइल सुटी करून मोजली, ४ किलोओहमच्या आसपास आली, म्हणजे शॉर्ट नाही. बोर्डवर नुसता सप्लाय असताना १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही बरोबर. रिले ओढला की मात्र १२ ची लाइन थेट ७ च्या खाली. पुढे ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) आहे, त्याला इनपुटला साधारण ७ तरी लागतात, त्यामुळे ५ ची लाइनही बसते आणि कंट्रोलर रिसेट होतो. इथपर्यंत तर्क बरोबर वाटतो.

माझा संशय १२ च्या लाइनवरच्या ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कपॅसिटरवर. डोकं फुगलेलं नाही, पण बुडाशी तपकिरी डाग आहे. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजायचा मीटर नाही. शिवाय सप्लाय ट्रान्सफॉर्मरशिवायचा, बोर्डचा ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला, त्यामुळे ऑसिलोस्कोप लावायची हिंमत होत नाही.

कपॅसिटर बदलूनही लाइन पडली तर पुढे काय बघू, सप्लायचा स्विचिंग आयसी की सप्लायचीच कॉइल? आणि बोर्डवर ओतलेलं ते चिकट पारदर्शक जेल ट्रॅक न उखडता कसं काढता? हेअर ड्रायरने थोडं मऊ झालं, पण पायांभोवतीचं निघत नाही.

‘सरळ नवीन बोर्ड टाका’ हा सल्ला एवढ्यात नको.