कचऱ्यात जाणारी कार्डंही जपायला हवीत

'गाजलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांची पोस्टरं जपली की पुरे' हे मत मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या रेंट पार्टीची, म्हणजे भाडं भागवण्यासाठी घरी ठेवलेल्या मैफलीची, कार्डंच घ्या. १९२० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय भाडेकरूंकडून अवाच्या सवा भाडं उकळलं जाई. मग शनिवारी रात्री घरातच पियानो, नाच, जेवण ठेवायचं, थोडे पैसे घेऊन लोकांना आत सोडायचं आणि भाडं भागवायचं. आमंत्रण म्हणून छोटंसं छापील कार्ड: वर दोन यमकी ओळी, खाली यजमानाचं नाव, पत्ता, वार, तारीख. दुसऱ्या दिवशी त्याचा कचराच व्हायचा. पण कवी लँग्स्टन ह्यूज यांनी ती जमवली, म्हणून आज येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ती बघायला मिळतात. सामान्य माणसाच्या घरातल्या मैफलीचा पत्ता मोठ्या नाट्यगृहाच्या जाहिरातीत कुठून सापडणार?

कार्डावर साल छापलेलं नसेल तर वार आणि तारीख जुळवून अंदाज बांधता येतो. म्हणून स्कॅन करताना कडा कापू नका, मागची बाजूही घ्या, पेन्सिलची नोंद खोडू नका. लॅमिनेशन नकोच, सेलोटेपही नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आम्लमुक्त कागदाचं पाकीट आणि कोरडी, अंधारी जागा एवढं केलंत तरी खूप झालं.