पूर आलेल्या गावात भजनी मंडळानं काय न्यावं?

खानापूरचा माळकरी:
राम कृष्ण हरी. आमचं हरिपाठ मंडळ, बारा-तेरा जण. दिंडीचे 18,000 रुपये शिल्लक आहेत. बेळगाव जिल्ह्यात चिकोडीकडं पाणी ओसरतंय म्हणतात. काहीजण म्हणतात जुने कपडे गोळा करू, टेम्पोला बॅनर लावू. बॅनर मला पटत नाही. तिकडं नेमकं काय लागतं? कानडी दोघांनाच येतं.

वेदगंगाकाठची:
दादा, कपडे नकोत, हात जोडते. 2019 च्या ऑगस्टात यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, आम्ही शाळेतल्या काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, नऊ दिवस. रस्ता सुटला आणि कपड्यांचा ढीगच आला. जरीचे ब्लाऊज, एका पायाची चप्पल! शेवटी त्यावर शेरडं बसली. नवे परकर नि पॅड मात्र कुणाच्या डोक्यात आले नाहीत. ते आणा, आणि वाटायला बाई पाठवा.

खायला जोंधळ्याची कडक भाकरी नि शेंगाचटणी. बिस्किटानं तोंड विटतं. आणि वैरण! सासरे म्हशी सोडून निघतच नव्हते. ऊस बुडाला की वाडंही, म्हणजे उसाचा वरचा पालाही, जातं, मग दावणीला टाकायचं काय?

बकरी ईदीच्या आदल्या दिवशी मशिदीतल्या पोरांनी पुलाव आणला. नेमकी श्रावणातली एकादशी, सासूबाई माळकरी. पोरगं काही न बोलता गेलं आणि केळ्यांचा फणा घेऊन आलं. त्या अजून त्याचं नाव काढतात.

मास्तर, रायबाग:
आधी पंचायतीच्या पीडीओला, म्हणजे विकास अधिकाऱ्याला, फोन करा, नाहीतर रस्त्यालगतच्या गावाला चार टेम्पो आणि आतल्या वाडीला एकही नाही. कानडीवाल्या दोघांना पुढं ठेवा. चिखल काढणार असाल तर गमबूट घाला. जनावरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पायाला जखम असणाऱ्यानं उतरू नये.

खानापूरचा माळकरी:
बॅनर रद्द. निम्मे पैसे कडब्याला, उरलेल्यात परकर-पॅड, खोरी, घमेली, खराटे. भाकऱ्या घरोघरी दहा-दहा. बायका चौघी येतायत. एक विचारू का, पखवाज आणला तर चालंल?

वेदगंगाकाठची:
आणा की. आमच्या देवळातल्या पखवाजाची पुडी तेव्हाच कुजली, अजून नवी बसवली नाही. पण टेम्पोतनं आधी घमेली उतरवा.