मदत हवी आहे : पर्लिन नॉईज, तुकड्यांच्या सांध्यावर पायरी दिसते

नमस्कार मंडळी. सी प्लस प्लसमध्ये छोटा गेम करतोय, डोंगर-दऱ्यांसाठी द्विमितीय पर्लिन नॉईज (सलग, गुळगुळीत चढ-उतार देणारे यादृच्छिक आकडे) स्वतःच लिहिलाय. (लायब्रऱ्या आहेत, माहीत आहे, पण हौस!) केन पर्लिन यांच्या २००२ च्या सुधारित आवृत्तीतला फेड कर्व्ह (चौकटींमधला बदल गुळगुळीत करणारं सूत्र), चौकटीच्या कोपऱ्यांवर एकक लांबीचे ग्रेडियंट (उताराची दिशा), ५ ऑक्टेव्ह (एकावर एक रचलेले, अधिकाधिक बारीक थर), दर वेळी ॲम्प्लिट्यूड (उंची) निम्मा.

आधी शून्याच्या डावीकडे सगळं फाटत होतं. दोन रात्री गेल्या. -०.३ ला इंट (अपूर्णांक छाटणं) लावला की ० येतो, -१ नाही! फ्लोअर (खालचा पूर्णांक) लावला, गाडी रुळावर आली.

आता नवं लचांड. जमीन ६४ × ६४ च्या तुकड्यांत बनते आणि सांध्यावर चक्क पायरी दिसते, कुठे कुठे पुरुषभर उंच. प्रत्येक तुकडा मी त्याच्याच किमान-कमालवरून ० ते १ मध्ये बसवत होतो, तिथेच संशय आला. म्हणून सगळीकडे एकच मर्यादा धरली, ±१.३७ (एका थराची कमाल ०.७०७ गुणिले पाचही ॲम्प्लिट्यूडची बेरीज १.९३७५). पायरी गेली, पण डोंगरांच्या टेकड्या झाल्या. किमती मधल्या मध्येच घुटमळतात.

तुम्ही ही मर्यादा कशी ठरवता? मोठा नमुना घेऊन एकदाच मोजायची, की वरून एखादा कर्व्ह लावायचा? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.