बेसबॉलची तिकिटं: विक्री उघडते त्या सकाळी धावाधाव करण्यात अर्थ आहे का?

फुकट फौजदार (धागाकर्ता)

मेजर लीग बेसबॉलच्या सुट्या (एकेका गेमच्या) तिकिटांच्या विक्रीची तारीख जाहीर झाली की अमेरिकेतल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दरवर्षी तेच सुरू होतं. सकाळी दहाच्या आत लॉगिन करा, नवऱ्याचा फोनही जोडीला घ्या, नाहीतर हात हलवत बसाल. माझं मत उलटं आहे. नेहमीच्या गेमसाठी ही सकाळ घालवण्यात काडीचा अर्थ नाही.

एका संघाचे हंगामात १६२ गेम, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. मैदानात चाळीसेक हजार खुर्च्या. एप्रिलमधल्या मंगळवारी रात्री, शाळा चालू असताना, त्या भरणार कोण? पूर्ण हंगामाचं तिकीट काढणाऱ्यालाही ८१ वेळा जाणं जमत नाही. उरलेली तिकिटं तो रीसेलवर, म्हणजे पुनर्विक्रीच्या साइटवर टाकतो आणि गेम जवळ आला की भाव उतरवत जातो, कारण खेळ सुरू झाल्यावर त्या तिकिटाला कुणी विचारत नाही. संघ स्वतः मात्र एका पातळीखाली सहसा येत नाही. खिडकीवर स्वस्त विकलं तर सीझन तिकीटवाले बोंब मारणार, आम्ही आगाऊ पैसे भरून काय मिळवलं म्हणून. त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत रीसेल संघाच्या भावाखाली जातं.

दुसरी गोष्ट पिचरची. फेब्रुवारीत जुलैचं तिकीट घेताना त्या दिवशी चेंडू कोण टाकणार हे मॅनेजरलाही ठाऊक नसतं. साधारण पाच जणांची पाळी फिरते आणि सुरुवात कोण करणार ते काही दिवस आधी कळतं. ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याचा खांदा दुखावला की बसा बोंबलत.

घाईच्या बाजूने कुणाकडे ठोस मुद्दे असतील तर मांडा.

फेनवेकर

फौजदारसाहेब, तुमचा हिशोब मोठ्या मैदानांचा आणि पडेल संघांचा. बॉस्टनच्या रेड सॉक्सला लावून बघा. त्यांचं मैदान फेनवे पार्क १९१२ चं, जागा ३८ हजारांच्याही आत. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात तिथे नियमित हंगामातले सलग ७९४ गेम हाउसफुल्ल गेले. आता तशी परिस्थिती नाही, पण चांगल्या जागा तेव्हाही मोजक्या होत्या आणि आजही मोजक्याच आहेत.

‘चांगली जागा’ म्हणजे काय तेही सांगतो. ग्रँडस्टँडचं छप्पर लोखंडी खांबांवर उभं आहे. चुकीच्या खुर्चीवर बसलात तर पिचर किंवा बॅटर, दोघांपैकी एक खांबाआड. उजवीकडच्या टोकाच्या ग्रँडस्टँडमध्ये जुन्या निळ्या लाकडी खुर्च्या आहेत, अरुंद, आणि त्यांचं तोंड होम प्लेटकडे (बॅटर उभा राहतो तिकडे) नसून मैदानाच्या मध्याकडे. तीन तास मान डावीकडे वळवून बसायचं. पहिल्या दिवशी नकाशावर या जागा टाळून निवडता येतं. शेवटच्या दिवशी रीसेलवर जे ‘स्वस्त’ उरतं ते नेमकं खांबाआडचंच असतं, आणि विकणारा ते ठळक अक्षरांत लिहीलच असं नाही.

आणि पाहुणा संघ कोण ते बघा की. २०२३ पासून वेळापत्रक बदललं, प्रत्येक संघ उरलेल्या २९ संघांशी खेळतो. पण दुसऱ्या लीगमधला (मेजर लीगच्या दुसऱ्या गटातला) संघ, शेजारचा ठरलेला प्रतिस्पर्धी सोडला, तर एक वर्ष आपल्याकडे येतो आणि पुढच्या वर्षी आपल्याला तिकडे बोलावतो. लॉस एंजेलिसचे डॉजर्स फेनवेला २०२३ मध्ये आले, मग थेट २०२५ च्या जुलैअखेर, तेही फक्त तीन गेम. त्यांचा स्टार ओहतानी बघायला शेवटच्या दिवशी भाव उतरण्याची वाट बघत बसणाऱ्याला माझ्या शुभेच्छा.

फुकट फौजदार

ओहतानीचा मुद्दा मान्य. पण तो ८१ पैकी तीन गेमचा झाला. यांकीज-रेड सॉक्सचे शनिवार-रविवार, ओपनिंग डे आणि बॉबलहेडचे (खेळाडूची डोलत्या मुंडीची बाहुली वाटतात ते) दिवस धरले तरी पंधरा-वीसच्या पुढे जात नाही. राहिलेल्या साठांचं काय?

गणितबुवा

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालल्या आहेत: ‘पहिल्या दिवशी धावणं’ म्हणजे लवकर येणाऱ्याला लवकर मिळतं. तसं नसतं. बहुतेक मोठ्या विक्रीला वेटिंग रूम असते. विक्री उघडायच्या आधी जे आत आले त्या सगळ्यांना ठरल्या वेळी चिठ्ठी टाकल्यासारखे क्रमांक दिले जातात. सात वाजता आलेला आणि नऊ पंचावन्नला आलेला, दोघे सारखेच. मात्र दहा वाजून एक मिनिटाने आलात तर सगळ्यांच्या मागे. त्यामुळे पंधरा मिनिटं आधी येऊन बसा, त्याआधी झोपा.

एकाच ब्राउझरमध्ये सहा टॅब उघडून काही साधत नाही, कुकी एकच असल्याने रांगेतली जागाही एकच. वेगळ्या उपकरणावर, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या स्वतःच्या खात्याने उभं राहिलात तर वेगळा क्रमांक मिळतो आणि ते सरळ आहे. एकच खातं चार ठिकाणी उघडलंत तर यंत्रणेला तुम्ही बॉट (आपोआप तिकिटं उचलणारा प्रोग्रॅम) वाटता. ऑफिसचं व्हीपीएन बंद करा, तेही संशयाचं कारण. रांगेत असताना कुकी पुसू नका, खाजगी विंडो बंद करू नका, जागा तिथेच बांधलेली असते.

खरा घोळ आत गेल्यावर होतो. लोक आत जाऊन विचार करायला लागतात. जुलै का ऑगस्ट, तिसऱ्या बेसची बाजू का पहिल्या, आणि तोवर कार्टचं घड्याळ संपतं. कागदावर आधी तीन तारखा पसंतीक्रमाने लिहा, प्रत्येकीपुढे दोन सेक्शन आणि माणशी कमाल किंमत. पहिली तारीख दोन प्रयत्नांत बसली नाही तर दुसरीकडे सरका. कार्ड खात्यात आधीच भरून ठेवा आणि बिलिंगचा पत्ता बँकेकडे आहे तसाच लिहा. घर बदललं आणि बँकेत जुनाच झिपकोड राहिला, इथे अनेकांचं पेमेंट नाकारलं जातं आणि जागा सुटतात. दोन गेम हवे असतील तर दोन्ही एकाच कार्टमध्ये घ्या. काही ठिकाणी पैसे भरले की पुन्हा रांगेच्या शेपटाला जावं लागतं.

धावायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. धावायचंच तर असं.

शिकागोची सून

बुवा, छान लिहिलंत, पण तुमची ‘पहिली सकाळ’ मुळात पहिली नसतेच! सर्वसाधारण विक्रीच्या आधी सीझन तिकीटवाले, मग अर्ध्या हंगामाचे पॅक घेणारे, मग एखाद्या क्रेडिट कार्डाची प्रीसेल, मग संघाच्या ईमेल यादीतले, असे थर होऊन गेलेले असतात. दहाच्या ठोक्याला उघडतो तो नकाशा आधीच कुरतडलेला असतो. ईमेल यादीत नाव घालायला दमडी लागत नाही, तरी लोक घालत नाहीत आणि मग दहाला येऊन बॉटच्या नावाने खडे फोडतात. बॉट आहेतच, त्यांच्याविरुद्ध २०१६ चा कायदाही आहे. पण प्रीसेलचा कोड आपणच मागितला नाही याला कायदा काय करणार?

फौजदारांशी माझा वाद दुसराच आहे. त्यांचा सल्ला एकट्याला किंवा जोडप्याला लागू पडतो. पाच जणांच्या कुटुंबाला नाही. रीसेलवर माल दोन-दोन आणि चार-चारच्या गड्ड्यांत येतो, कारण सीझन तिकिटं तशीच घेतलेली असतात. पाच सलग खुर्च्या शेवटच्या दिवशी शोधून दाखवा. मिळाल्या तर चार एका ओळीत आणि पाचवी तीन ओळी मागे, आणि तिथे सात वर्षांच्या पोराला बसवायचं का आजीला हे भांडण मैदानावर.

संघाच्या साइटवरही एक अडचण आहे. एकटी खुर्ची मागे उरेल अशी निवड यंत्रणा करू देत नाही. ओळीत सहा रिकाम्या असतील तर पाच मिळणार नाहीत, सात असतील तर मिळतील. म्हणून पाच जणांनी ‘सर्वोत्तम उपलब्ध’ बटण दाबण्याऐवजी नकाशा उघडून सात किंवा जास्त रिकाम्या असलेली ओळ हुडकायची. हे सगळं पहिल्या तासातच जमतं.

तुमच्या ‘स्वस्त’ आकड्यावर कर धरलात का? आमच्या शिकागोतल्या रिग्ली फील्ड मैदानाच्या तिकिटावर शहराचा ९ आणि काउंटीचा ३ टक्के करमणूक कर लागतो. वर रीसेलवाल्याची फी.

फुकट फौजदार

सूनबाई, पाच खुर्च्यांपुढे माझी बोलती बंद. तो मुद्दा तुमचा.

फीचा मात्र जुना झाला. १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे: कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या फीसकट एकूण किंमत सुरुवातीलाच ठळक दाखवायची. पूर्वी २८ डॉलरचं तिकीट शेवटच्या पानावर ४१ होऊन बसायचं. आता संघाची साइट आणि रीसेल शेजारी-शेजारी उघडून सरळ तुलना करता येते. वाट बघणाऱ्याचा त्यात फायदाच झाला. आणि अनेक संघांच्या खिडकीवर जाऊन घेतलंत तर ऑनलाइन फी वाचते. घरापासून मैदान वाटेवर असेल तर हे कुणी का करत नाही, देव जाणे.

पहिल्या दिवसाची किंमत ‘मूळ किंमत’ असते हा भ्रमही सोडा. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी २००९ मध्ये मैदानाच्या काही भागात मागणीनुसार बदलणारे दर लावून पाहिले, २०१० पासून सगळ्या मैदानाला लावले. मग बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. पहिल्या दिवशी तुम्हाला दिसतो तो संघाचा अंदाज आहे.

फेनवेकर

अंदाज वरही जातो, फौजदार. संघ जिंकायला लागला की ऑगस्टचे दर चढतात. फेब्रुवारीत घेतलेलं तिकीट तेव्हा स्वस्तच ठरतं.

बॉबलहेडवाल्यांना एक सूचना, कारण दरवर्षी कुणीतरी फसतं. तिकीट म्हणजे बाहुली नव्हे. २८ ऑगस्ट २०२४ ला डॉजर स्टेडियममध्ये ओहतानी आणि त्याच्या कुत्र्याचा बॉबलहेड होता, तो पहिल्या ४०,००० जणांना. मैदानाची क्षमता ५६,०००. अशा दिवसाचं तिकीट आधी घ्या आणि दारही लवकर गाठा. थीम नाइटचा (एखाद्या विषयाला वाहिलेल्या रात्रीच्या गेमचा) प्रकार वेगळा. तिथे बहुतेक वेळा टी-शर्ट किंवा टोपी वेगळ्या लिंकवरून घेतलेल्या खास तिकिटावरच मिळते. त्याच सेक्शनमधलं साधं तिकीट रीसेलवर घेऊन टोपी मागायला गेलात तर हात हलवत परत.

ग्रीन मॉन्स्टरवरच्या जागा, म्हणजे फेनवेच्या ३७ फुटी भिंतीच्या माथ्यावरच्या, हव्या असतील तर दहाच्या रांगेचा विचारच सोडा. त्यांच्यासाठी नाव नोंदवून सोडत असते, नोंदणीची मुदत ईमेलवर येते.

नवखा पुणेकर

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) बहिणीकडे येतोय. तिकिटं पुण्यातून काढता येतील का? आईचे गुडघे धड नाहीत, जिने जमत नाहीत.

गणितबुवा

काढता येतात, पण त्रास आहे. पॅसिफिक वेळेनुसार, म्हणजे तिकडच्या किनाऱ्याच्या घड्याळात, सकाळचे दहा म्हणजे फेब्रुवारीत तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा, मार्चमध्ये घड्याळं पुढे गेल्यावर साडेदहा. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा. तरीही झिपकोडच्या रकान्यात ४११ ने सुरू होणारा पिनकोड अडकू शकतो. बहिणीला तिच्या खात्यावरून घेऊ द्या आणि मेजर लीगच्या बॉलपार्क अ‍ॅपमधून तुम्हाला पाठवू द्या. ज्या ईमेलवर ती पाठवेल त्याच ईमेलने तुमचं अ‍ॅपमधलं खातं हवं, नाहीतर तिकीट अधांतरी राहतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, दारात अ‍ॅपच उघडावं लागतं.

शिकागोची सून

पुणेकर, आईंसाठी तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या, फौजदार काहीही म्हणोत. जिने नसलेल्या सुलभ जागा कायद्याने इतर तिकिटांबरोबरच, त्याच वेळी आणि त्याच मार्गाने विकाव्या लागतात. एका सुलभ जागेबरोबर त्याच ओळीत लागून आणखी तीन जागा घेता येतात, त्या विकायच्या शिल्लक असतील तर. म्हणजे तुम्ही चौघे एकत्र बसाल. अपंगत्वाचा दाखला कुणी मागू शकत नाही. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेला फिल्टर लावा. व्हीलचेअर नसेल पण पायऱ्या चढवत नसतील तर संघाच्या तिकीट ऑफिसला फोन करून तसं सांगा, ते योग्य ओळ सुचवतात. उशीर केलात तर मैदानाची बाकी तिकिटं संपल्यावर त्याच जागा सर्वांसाठी खुल्या करण्याची मुभा त्यांना आहे.

फुकट फौजदार

काहीही म्हणणार नाही. फक्त तारीख आठवड्याच्या मधली निवडा आणि आईंसाठी स्वेटर घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत खाडीकाठी जूनमधली रात्र पुण्यातल्या डिसेंबरसारखी बोचते. दुपारचा गेम मिळाला तर उत्तम.