मदत हवी आहे: सर्दी झाली की दुसऱ्या रात्री धाप लागते (मुलगा ६ वर्षे, यावल तालुका)

प्रश्न
वजन १८ किलो, बालदम्याचं निदान झालेलं. बुडेसोनाईड (रोज घ्यायचं पंपाचं औषध) १०० मायक्रोग्रॅम सकाळ-रात्र एकेक पफ, स्पेसरने (पंपाला लावायचा पोकळ डबा). एरवी काही त्रास नाही, पळतो-खेळतो. जूनपासून ही तिसरी सर्दी. दरवेळी नाक वाहू लागलं की दुसऱ्या रात्री छातीत शिट्टी वाजते. साल्ब्युटामॉलने (धाप लागली की घ्यायचा दुसरा पंप) तास-दीड तास बरं, मग पुन्हा तेच. साधी सर्दी छातीत का उतरते? पंपाचा असर का टिकत नाही? घरच्यांनी केळी बंद केलीत, ते बरोबर आहे का?

उत्तर १
भाऊ, आधी महत्त्वाचं. साल्ब्युटामॉल ३ तासांच्या आत पुन्हा लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, सकाळची वाट पाहू नका.

आता कारण. सर्दीचे बरेच विषाणू ऱ्हायनोव्हायरस जातीचे, त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. म्हणून एक सर्दी झाली तरी पुढची टळत नाही. २००६ मध्ये ओळखला गेलेला 'सी' गट लहान मुलांच्या दम्यात विशेष त्रास देतो. विषाणू नाकातून श्वासनलिकेच्या अस्तरात शिरतो. दमा असलेल्या बऱ्याच मुलांत त्या अस्तराच्या पेशी इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) कमी आणि उशिरा सोडतात, त्यामुळे विषाणू जास्त वाढतो. दुखावलेलं अस्तर धोक्याचे संदेश सोडतं. मग सूज येते, चिकट कफ साचतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. हे सगळं घडायला एक-दोन दिवस जातात, तीच तुमची दुसरी रात्र.

साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करतं. सूज आणि कफ तसेच राहतात, म्हणून असर टिकत नाही. सूज आवरायचं काम बुडेसोनाईडचं, आणि ते रोज घेतलं तरच. झटका मोठा असेल तर डॉक्टर तोंडाने घ्यायचं स्टेरॉईड थोडे दिवस देतात, ते घरच्या घरी सुरू करू नका. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

केळ्याचा काही दोष नाही. ॲलर्जी सिद्ध झालेली नसेल तर खुशाल द्या, आजारात पोराला खाणं लागतंच.

उत्तर २
स्पेसर कसा वापरता तेही तपासा, बहुतेक घोळ तिथेच असतो. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकच पफ दाबायचा, ५-६ संथ श्वास. दुसऱ्या पफसाठी पुन्हा हलवायचा. दोन पफ एकदम दाबले तर औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. सहा वर्षांचं मूल तोंडात नळी नीट धरत असेल तर मास्क नको, नाकावाटे औषध वाया जातं. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर घर्षणाने वीज साठते आणि औषध भिंतीला खेचलं जातं. बुडेसोनाईडनंतर चूळ भरून थुंकायला लावा.

प्रश्नकर्ता
सकाळचा पफ शाळेच्या घाईत बऱ्याचदा राहतो. उन्हाळ्यात तर बंदच होता, बरा दिसत होता म्हणून.

उत्तर १
मग उत्तर मिळालं. बुडेसोनाईडचा पूर्ण परिणाम यायला काही आठवडे लागतात. शाळा उघडते, पोरं एका वर्गात दाटीने बसतात, सर्दी फिरते. तेव्हा नळ्या आधीच शांत हव्यात. मे महिन्यात खंड पडता कामा नये. पंप दात घासायच्या ब्रशजवळ ठेवा. या औषधाचं व्यसन लागत नाही, घरातल्या मोठ्यांनाही हे नीट समजावून सांगा.

डॉक्टरांकडून लेखी कागद घ्या: सर्दी सुरू होताच काय, घरघर लागली की काय. सहसा साल्ब्युटामॉलचे २ पफ, गरज पडली तर २० मिनिटांनी पुन्हा, असं तीनदा. तरी धाप न थांबल्यास दवाखाना. बरगड्यांमध्ये खड्डे पडणं, वाक्य पूर्ण न होणं, ओठ निळसर, मूल सुस्त, ऑक्सिजन ९२ च्या खाली: यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा.

फ्लूची लस दरवर्षी द्या. ऱ्हायनोव्हायरसवर लस नाही. आणि हिवाळ्यात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना सर्दी झालेल्या पोराला त्या धुराजवळ बसवू नका.