अनुभव धागा: मास्टर्सला अपंगत्व आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी शिकलात, पुढे काय झालं?

सोशल वर्क, आर्किटेक्चर, कायदा, डिझाइन, कशातही मास्टर्स करताना ज्यांनी हा विषय घेतला त्यांनी इथे लिहा, मोठं लिहा, तुटक लिहा, चालेल. ज्युनियर मुलं सारखी विचारतात घेऊ का म्हणून, आणि त्यांना सिलॅबस नको असतो, पुढे हाताला काय लागलं ते हवं असतं.

सुरुवात मीच करते. एमए सोशल वर्क, डिसॅबिलिटी स्पेशलायझेशन. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा वर्गात शिकलो, आधी 7 प्रकारची अपंगत्वं होती ती आता 21, बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं, सगळं तोंडपाठ होतं. मग फील्डवर्कला एका सरकारी दवाखान्यात सर्टिफिकेटचा वार बघितला. सर्टिफिकेट देणारं मेडिकल बोर्ड वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि एक ताई सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या चांगल्या मोठ्या मुलाला पाठुंगळी घेऊन जिना चढत होत्या, मधल्या वळणावर कठड्याला टेकून दम खात होत्या. वर पोचल्यावर त्यांना सांगितलं, आधारची झेरॉक्स आणा. झेरॉक्स गेटबाहेर! मी पळत जाऊन आणली, पण अडथळा शरीरात नसून रचनेत असतो असं वर्गात जे शिकवतात ते मला त्या जिन्यात कळलं. डिझर्टेशन त्या रांगेवरच केलं.

जोतं_आणि_उंबरा (एम.आर्च.)
आमच्याकडे इलेक्टिव्ह होतं, अ‍ॅक्सेस ऑडिट. टेप आणि लेव्हल घेऊन इमारती मोजायच्या. रॅम्पचा उतार 1:12 हे सगळे ऐकून असतात, पण हिशोब करून बघा, जोतं 450 मिमी असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब लागतो, शिवाय वर-खाली सपाट जागा वेगळी, आणि ही जागा कुणी आधी ठेवतच नाही म्हणून शेवटी कुठेतरी घसरगुंडीसारखा उतार ओततात आणि झालं म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर एकट्याने वर जातच नाही. फुटपाथवरच्या पिवळ्या टाइल्सचंही तसंच, पट्ट्या म्हणजे चला आणि ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा, हे लावणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं त्यामुळे पट्ट्या सरळ खांबावर जाऊन धडकतात. आता मी क्लायंटच्या पहिल्याच मीटिंगला जोतं किती ठेवायचं ते बोलून घेतो. प्लॅन पास झाल्यावर काही उपयोग नसतो.

श्राव्य (एमए, राज्यशास्त्र)
मी पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए वापरते (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर), मोफत आहे, मराठीही वाचतं. पण काय वाचणार? विभागाच्या नोट्स जुन्या फॉन्टमधे टाइप केलेल्या, श्रीलिपी वगैरे. डोळ्यांना मराठी दिसतं पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर एका मागून एक अर्थहीन अक्षरं म्हणत सुटतो. उरलेलं सगळं स्कॅन, म्हणजे त्याच्या लेखी नुसता फोटो. वर्गातल्या तिघीचौघींनी मिळून युनिकोडमधे (त्यात फाइलच्या आतही मराठीच अक्षरं असतात) टाइप करून दिलं म्हणून मी परीक्षेला बसले. लेखनिकाचे आणि जादा वेळेचे (तासाला किमान 20 मिनिटं) नियम आहेत, पण परीक्षेआधी वर्षभर वाचायला काय मिळतं हे कोण बघतं? मी डिझर्टेशनला मराठी अभ्याससाहित्याचाच विषय घेतला आणि गाइड मॅडमनी तो लावून धरला, त्यांचे उपकार आहेत.

कलम_पंधरा (एलएलएम)
राजीव रतुरी केस नक्की वाचा, 8 नोव्हेंबर 2024 चा निकाल. याचिका 2005 ची, करणारे स्वतः दृष्टिहीन. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2016 चा कायदा अ‍ॅक्सेसिबिलिटीची बंधनकारक मानकं मागतो आणि त्याखालच्या नियम 15 मधून नुसत्या शिफारशी दिल्यात, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत, सरकारने 3 महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. वर जोतंवाल्यांनी लिहिलंय त्यातला "कुणी सांगितलेलंच नसतं" हा भाग इथे थेट लागू होतो. मला तर नियमांच्या शब्दांवर रात्र रात्र भांडायला आवडायला लागलं ते या पेपरमुळे.

आल्ट_टेक्स्ट (एमएस, अमेरिका, आता पुण्यात)
तिथे एडीए (अपंगांशी भेदभावाला बंदी करणारा कायदा) 1990 पासून आहे त्यामुळे लेक्चरला कॅप्शन असणं हे कुणाला विशेष वाटत नाही. इकडे अ‍ॅप टेस्ट करताना फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावला की "बटन, बटन, बटन" एवढंच ऐकू येतं, पैसे भरायचं बटन कुठलं आणि रद्द करायचं कुठलं, देव जाणे. लेबल लिहायला डेव्हलपरला मिनिटभर लागतं हो. आमच्या टीममधे आता दृष्टिहीन टेस्टर आहेत, मानधन देऊन, ते मी आग्रहाने करून घेतलं.

@श्राव्य, जुन्या फॉन्टचे कन्व्हर्टर आहेत पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, कुणीतरी डोळ्यांखालून घालावं लागतं. तुमच्या ज्युनियर्सच्या फाइल्स पाठवा, शनिवारी आम्ही काहीजण बसतो.

श्राव्य
पाठवते. आधी दुसऱ्या सेमिस्टरच्या, त्यांची परीक्षा जवळ आहे.